डॉबी मेल्यावर लोक एवढे का रडतात?

मधली_आळी
परवा मुलीबरोबर हॅरी पॉटरचे सगळे सिनेमे संपवले. मी पुस्तकं वाचलेली नाहीत, आधीच कबूल करतो. डॉबी, म्हणजे जादूगारांच्या घरी गुलामासारखा राबणारा एल्फ, दुसऱ्या सिनेमात (२००२) येतो, डोकं आपटून घेतो, मालकाकडून मोजा मिळाल्यावर गुलामीतून सुटतो. मग मधले चार सिनेमे पत्ता नाही, एकदम २०१० च्या सिनेमात उगवतो आणि मरतो. पोरगी ढसाढसा रडली आणि मी शेजारी पॉपकॉर्न धरून ओशाळा बसलो. मला तर तो पहिल्यापासून डोकेदुखी वाटला होता. मधलं काही माझ्याकडून निसटलं का?

वसुधा_वाचते
तुमच्याकडून नाही निसटलं, सिनेमावाल्यांनीच कापलं.

चौथ्या पुस्तकात एका स्पर्धेत हॅरीला तासभर तळ्याखाली राहायचंय आणि श्वास कसा घ्यायचा ते सापडत नाहीये. रात्रभर पुस्तकं उलथून हा बाबा लायब्ररीतच झोपतो. दहा मिनिटं उरली असताना त्याला उठवून हातात गिलीवीड, म्हणजे पाण्यात श्वास घेता येणारी जादूची वनस्पती, कोण कोंबतं? डॉबी. पाचव्यात चोरून जादूचा सराव करायला जागा हवी, ती रूम ऑफ रिक्वायरमेंट नावाची शाळेतली गुप्त खोली सांगतो तोही डॉबीच. सिनेमात ही दोन्ही कामं हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलला देऊन टाकली.

पण माझा लाडका प्रसंग पगाराचा. सुटका झाल्यावर डॉबी पगारी नोकरी शोधत वणवण हिंडतो, कुणी उभं करत नाही. शेवटी शाळेचे हेडमास्तर डंबलडोर म्हणतात, आठवड्याला १० गॅलियन (जादूगारांची सोन्याची नाणी) घे, शनिवार-रविवार सुट्टी. तर हा घासाघीस करतो, तीही उलटी! १ गॅलियन आणि महिन्याला एक सुट्टी, इथवर खाली आणतो. त्याला स्वातंत्र्य हवंय, पण फार नको, कामच जास्त आवडतं. मी हे घरी मोठ्यानं वाचत होते. सासऱ्यांनी उभा जन्म युनियनमध्ये घालवलेला; ते पेपर खाली ठेवून पुस्तकालाच म्हणाले, "अरे गाढवा!"

आणि त्या तुटपुंज्या पगारातून लोकर आणून तो ख्रिसमसला हॅरीसाठी मोजे विणतो. डावा लाल, त्यावर झाडू. उजवा हिरवा, त्यावर स्निच, म्हणजे त्यांच्या खेळातला सोनेरी चेंडू. हॅरी त्याला देतो काय, तर मावशीच्या नवऱ्याचे जुने मोहरीच्या रंगाचे मोजे. डॉबी हरखतोच, पण मग डोळे विस्फारून म्हणतो, दुकानदारानं चूक केली, दोन्ही एकसारखेच दिले! आता तो मेल्यावर हॅरीचा मित्र रॉन पायातले मोजे काढून त्याला घालतो, हे वाचताना काय होत असेल सांगा. सिनेमा पाहून नाही कळायचं.

कट्ट्यावरचा_पंड्या
एवढं डोक्यावर घेऊ नका. हॅरीची पत्रं लपवणारा, स्टेशनचा रस्ता बंद करणारा, बॉल मागे लावून हात मोडणारा हाच ना? असला हितचिंतक असेल तर शत्रू कशाला हवेत.

वसुधा_वाचते
पंड्या, अगदी बरोबर, आणि म्हणूनच तो मला खरा वाटतो. आपल्या घरातही जीव लावणारी एक आत्या असतेच, जिची माया अंगावर येते.

कार्डिफची_सई
सिनेमातलं त्याचं दफन वेल्समध्ये पेंब्रोकशरला फ्रेशवॉटर वेस्ट या किनाऱ्यावर चित्रित झालंय. आम्ही मागे गेलो होतो. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. वाळूच्या टेकडीखाली रंगवलेल्या दगडगोट्यांचा ढीग आणि त्यात चक्क मोजे. खरं थडगं नाही हे माहीत असूनही माझा नवरा उगाच घसा खाकरत होता. २०२२ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेनं स्मारक तूर्त राहू दिलं, पण मोजे आणि वस्तू ठेवू नका, फोटोच काढा, अशी विनंती केली. मोजे आणि गोट्यांवरच्या रंगाचे कपचे समुद्रात जातात म्हणून.

मधली_आळी
एवढं असेल तर वाचतो. पण चौथं पुस्तक मुलीच्या कपाटात बघितलं, वीट आहे वीट! डॉबीपुरतं कुठून उघडू?

वसुधा_वाचते
पगार २१ व्या प्रकरणात, मोजे २३ व्यात, गिलीवीड २६ व्यात. मुलीला विचारून घ्या, नाहीतर खूण हलली म्हणून भांडेल.