जुनं सेंट्रल हीटिंग आणि घरातली ऊब : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये लीड्सला आम्ही घेतलेलं घर १९३०च्या दशकातलं आहे. हीटिंगही जुन्या धाटणीचं, म्हणजे बॉयलरमध्ये तापलेलं पाणी नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरतं आणि खोली तापवतं. माळ्यावर पाण्याची छोटी टाकी, जिन्याजवळच्या कपाटात गरम पाण्याचं सिलिंडर, आणि सगळ्या घराला मिळून एकच थर्मोस्टॅट, तोही पुढच्या दारापाशी. गेल्या हिवाळ्यात सासूबाई साताऱ्याहून तीन महिने राहायला आल्या होत्या. वरच्या खोल्यांत पांघरूण नको व्हायचं आणि खाली बैठकीच्या खोलीत त्या स्वेटरवर शाल लपेटून बसलेल्या असायच्या. थर्मोस्टॅट वाढवला की वरचा मजला आणखी तापायचा, खाली ढिम्म फरक नाही. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

शेवटी दुखणं कळलं. पाणी सोपी वाट धरतं. पंपाजवळच्या रेडिएटरमधून ते भराभर फिरून परत येतं आणि लांबच्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. रेडिएटरच्या एका टोकाला आपण फिरवतो तो व्हॉल्व्ह असतो, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेला लॉकशील्ड, म्हणजे पाणी किती जाईल ते बांधून ठेवणारा व्हॉल्व्ह. जवळच्या रेडिएटरांचे लॉकशील्ड मी पाव फेरा उघडे राहतील इतके आवळले, सगळ्यात लांबचा पूर्ण सोडला. मग दोन्हीकडच्या नळ्यांना चिमट्याचे थर्मामीटर लावले. जुन्या पद्धतीच्या हीटिंगमध्ये आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात साधारण ११ अंश सेल्सिअसचा फरक हवा. प्रत्येक बदलानंतर थांबून पाहायचं, म्हणून शनिवार-रविवार दोन्ही दिवस गेले. पण सोमवारी सकाळी सासूबाईंनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली!

तुमच्याकडे काय प्रकार आहे? रेडिएटरमध्ये पाणी की वाफ, स्वतःचं घर की भाड्याचं, तेही लिहा, म्हणजे इतरांना ताडून पाहता येईल.

क्वीन्स, न्यूयॉर्क

आमच्याकडे वाफ. इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, रेडिएटरला एकच नळी. त्याच नळीतून वाफ वर येते आणि तिचं थंड झालेलं पाणी त्याच वाटेने खाली जातं. हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी मोठी चूक केली. मुलगी दीड महिन्याची होती, खोलीत ८४ फॅरनहाइट. तिच्या मानेवर घामोळं उठलं म्हणून मी व्हॉल्व्ह अर्धा बंद केला. त्या रात्री नळीवर कुणी घण घालतंय असे आवाज सुरू झाले. तान्ही दचकून रडायला लागली आणि रेडिएटरखाली पाणी साचलं. वाफ आत शिरत होती, पण पाण्याला परतायला वाट उरली नव्हती. एकनळी रेडिएटरचा व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर पूर्ण बंद. मधली स्थिती नाहीच.

मग ऊब कमी करायची कुठे? रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला छोटी धातूची डबी असते, ती फुसफुसते. तिच्यातून आधी हवा बाहेर जाते, तेव्हाच वाफ आत येते. ती डबी हळू हवा सोडणारी बसवली की रेडिएटर सावकाश आणि कमी भरतो. आमच्या सुपरने (इमारतीची देखभाल करणाऱ्याने) तिच्या जागी थर्मोस्टॅटवाला व्हॉल्व्ह बसवून दिला. शिवाय रेडिएटर नळीच्या बाजूला किंचित उतरता हवा. आमचा उलटा कलला होता, म्हणून एका पायाखाली लाकडी पट्टी सरकवली. त्या दिवसापासून आवाज बंद.

आधीच्या भाड्याच्या घरात याच्या उलट हाल होते, हीटच येत नव्हती. नवीन आलेल्यांनी नियम पाठ करून ठेवा. १ ऑक्टोबर ते ३१ मे, सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं तर घरात किमान ६८ हवं. रात्री १० ते सकाळी ६ बाहेर काहीही असो, किमान ६२. नाही मिळालं तर ३११ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन करा. फोन करण्याआधी चार दिवस वेळ आणि तापमान लिहून ठेवलेलं असेल तर बोलताना धीर येतो. मालक काय म्हणेल या भीतीने आम्ही एक महिना कुडकुडत काढला. तुम्ही काढू नका.

कझान, रशिया, मेडिकलचं तिसरं वर्ष

आमच्या हॉस्टेलमध्ये फिरवायला काहीच नाही. गरम पाणी शहराच्या हीटिंगमधून येतं. रोजचं सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांच्या खाली राहिलं की ते सुरू होतं. त्याआधीचे दिवस सगळ्यात वाईट. बाहेर ९ आणि आत भिंती गार. घरी फोन केला की आई विचारते, "बर्फ पडायला लागलं का रे?" तिला कसं सांगू, की बर्फ पडल्यावर आम्ही बनियनवर बसतो! एकदा सुरू झालं की खोली भट्टी होते. मग खिडकीतली छोटी झडप, फोर्तोच्का, हाच आमचा थर्मोस्टॅट. हवा फार कोरडी होते, पहिल्या वर्षी माझ्या नाकातून रक्त यायचं. आता रात्री रेडिएटरवर ओला पंचा टाकतो. सकाळी तो खडखडीत वाळलेला असतो, पण नाक ठीक आहे.

श्टुटगार्ट, जर्मनी

आमच्याकडे पाणी, आणि प्रत्येक रेडिएटरवर १ ते ५ आकड्यांचा व्हॉल्व्ह. बाहेरून आल्यावर ५वर ठेवलं म्हणजे खोली लवकर तापेल, असं मी दोन हिवाळे धरून चालले होते. तसं होत नाही. आकडा म्हणजे वेग नव्हे, कुठे थांबायचं ती खूण. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५वर ठेवल्याने खोली तितक्याच वेळात २०ला पोहोचते आणि मग थांबत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकाची. फोडणीचा वास जावा म्हणून मी रेडिएटरवरची खिडकी संध्याकाळभर तिरकी उघडी ठेवायचे. गार हवा थेट व्हॉल्व्हवर पडायची, त्याला वाटायचं खोली गारठली, आणि तो पूर्ण उघडायचा. वर्षअखेरचं बिल पाहून पोटात गोळा आला. आता व्हॉल्व्ह बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडते, मग परत लावते. भिंती गार होत नाहीत, म्हणून खोली पटकन तापते. वाचवायचं म्हणून झोपायच्या खोलीतलं हीटिंग पूर्ण बंद मात्र ठेवू नका. आमच्या कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती, ती त्यामुळेच.

एडिंबरा

लीड्सकर, छान केलंत. त्याआधी करायची साधी तपासणी इतरांसाठी लिहितो. रेडिएटर वर गार, खाली गरम असेल तर आत हवा आहे. हीटिंग बंद करून थंड होऊ द्या, चावीने हवा सोडा, पाणी यायला लागलं की बंद. टाकी नसलेल्या बॉयलरला नंतर दाब पाहा, थंड असताना १ ते १.५ बार. खाली गार असेल तर गाळ साचलाय, तिथे प्लंबरच हवा. आणि एकच रेडिएटर अख्खा गार, व्हॉल्व्ह तर उघडा? आकड्यांचं डोकं काढा, खाली बारीक पिन दिसेल. उन्हाळाभर बंद राहून ती अडकते. हळूच दाबून मोकळी करा, ओढू नका.

बॉयलरचं पाणी कमी तापवा, पैसे वाचतील, हा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. तो कंडेन्सिंग बॉयलरसाठी आहे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरातली ऊबही वापरणाऱ्या नव्या बॉयलरसाठी. फार जुन्या बॉयलरमध्ये परतणारं पाणी ५५च्या खाली गेलं की आत ओल धरून तो गंजतो. सिलिंडरमधलं पाणीही ६० अंशांच्या खाली ठेवू नका, लिजिओनेला हा फुप्फुसाचा आजार करणारा जंतू वाढतो. आणि कार्बन मोनॉक्साइडचा (वास नसलेल्या विषारी वायूचा) अलार्म नसेल तर आजच आणा. आमचा रात्री दोनला वाजला होता. मुलांना उचलून आम्ही बाहेर पडलो. बॉयलरच्या धुराड्यात पक्ष्याचं घरटं होतं.

न्यू जर्सी

विरजणासाठी विचारते. दही रेडिएटरवर ठेवलं की फाटतं, कुणाला जमलंय का?

क्वीन्स, न्यूयॉर्क

थेट वर ठेवू नका, वाफेच्या रेडिएटरवर फार तापतं. शेजारी स्टुलावर, भांड्याला टॉवेल गुंडाळून ठेवा. इडलीचं पीठही तिथेच फुगतं.

लीड्स

एडिंबराचे भाऊ, अलार्म मागवला. आमच्याकडे फक्त धुराचा होता. बॉयलरवाल्यालाही गुरुवारी बोलावलंय. उत्तरेकडची छोटी खोली अजून १६च्या वर जात नाही. काल चावी लावली, हवा नाही. हात लावून पाहिलं तर वरून गरम, खालून गार. सासूबाई नोव्हेंबरात परत येणार आहेत आणि यंदा त्यांना तीच खोली द्यायची आहे. कुणी जुन्या रेडिएटरमधला गाळ धुऊन घेतला असेल तर किती वेळ लागतो, घर किती खराब होतं, ते नक्की लिहा.