खरवस एकदा तरी खायलाच हवा, पण वड्या चिवट का होतात?

प्रश्न: गाईचा पहिल्या दिवसाचा चीक (गाय व्यायल्यावरचं पहिलं दाट दूध) मिळालाय. दूध किती घालू?

– पहिल्या दिवसाचा चीक फार दाट असतो. एक वाटी चिकाला दोन वाट्या दूध घाला, नाहीतर वडी रबरासारखी होते. तिसऱ्या दिवसाच्या चिकाला एवढं दूध घातलं तर तो धरतच नाही. आधी चमचाभर वाफवून बघाच.

– पाऊण वाटी किसलेला गूळ गार दुधातच विरघळवा, गाळा. वेलची, जायफळ. कुकरची शिटी काढून मंद आचेवर २०-२५ मिनिटं. डब्यावर ताटली हवी, नाहीतर वाफेचं पाणी आत पडतं. आच मोठी झाली की पाणी सुटतं.

– पूर्ण गार झाल्यावरच कापा. आणि साखर नको हो, गुळाचा खमंगपणा तिला नाही!