अनुभव धागा : मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना

पालक, शिक्षक, बालवाडीताई, सगळ्यांनी लिहा. फायदे माहीत आहेत, कृती सांगा: किती वेळ, कसं, कुठे अडतं.

*

दोन वर्षांखाली जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आणि पाच मिनिटं, बस्स. मजकूर पुरा करायचा हट्ट नको. मूल ज्या चित्रावर थांबेल त्याबद्दल बोला. पुस्तक चावलं तरी हिसकावू नका.

*

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा गोष्ट सलग वाचावी, प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला. मूल 'कुत्रा' म्हणालं की 'हो, भिजलेला कुत्रा' असं वाढवून द्या आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. बहुतेक मोठी माणसं दोनावरच उत्तर सांगून मोकळी होतात! ही संवादी पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-तीन वर्षांच्या मुलांसोबत तपासली होती. पानागणिक प्रश्न मात्र नकोत, त्याची तोंडी परीक्षा होते.

*

नुसतं ऐकून अक्षरओळख होत नाही, कारण मुलाची नजर चित्रावर असते. म्हणून बोट ओळीखालून फिरवा, पण शब्दागणिक. अक्षरागणिक फिरवलं की 'किती'पाशीच गाडी अडते: वेलांटी दिसते आधी, ऐकू येते 'क'नंतर. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर, उच्चार मात्र 'य'च्या आधी. अशा शब्दाखाली बोट क्षणभर थांबवून तो सावकाश, अखंड म्हणा. एका बैठकीत असे दोन-तीनच शब्द. जास्त केले की गोष्ट मरते.

*

तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर वाचाच. पाठ झाल्यावर ओळीतला शेवटचा शब्द गाळून त्यावर बोट ठेवा. मूल तो आपणहून भरतं, तेही छापील शब्दाकडे बघत.

*

मूल स्वतः वाचू लागलं की मोठे थांबतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडतं ते हेच. नव्या वाचकाचं लक्ष अक्षरं जुळवण्यात जातं, अर्थ निसटतो. ऐकून मात्र त्याला बरंच अवघड कळतं. दोन पुस्तकं ठेवा: सोपं त्याने वाचायचं, प्रकरणांचं जाड तुम्ही, पंधरा-वीस मिनिटं. थांबायचं ते प्रकरण संपल्यावर नव्हे, ऐन पेचात.

*

ऑडिओबुक प्रवासात चालेल. पण 'म्हणजे काय?' विचारलं तर ते थांबत नाही.