रेस्को, गच्ची आणि धूळ
सरकारी कचेऱ्यांच्या छतांवर सौर पॅनेलं दिसत नाहीत कारण त्यांच्याकडे पैसाच नाही, असं म्हटलं जातं; हा मुद्दा मला तितकासा पटत नाही. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सरकारी इमारतींच्या छतांवरही सौरसंच बसवायचे आहेत, आणि त्यासाठी रेस्को पद्धत चालते. म्हणजे संच बसवण्याचा नि चालवण्याचा खर्च कंपनीचा, कचेरीने फक्त युनिटमागे ठरलेला दर द्यायचा.

खरी गोची गच्चीची आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आणि तिथे पाण्याच्या टाक्या नि मोडक्या खुर्च्या (जुन्या फायलीसुद्धा!). खात्याने स्वतः संच विकत घेतला असेल तर धूळ बसलेली पॅनेलं धुणार कोण? रेस्कोत निदान कंपनीला ती धुवावीच लागतात, कारण युनिटं घटली की तिचंच उत्पन्न घटतं.