अनुभव धागा : प्रुफं, संपादन, छपाई – हातात काय बसलंय ते लिहा

शाईडाग :
कपाट आवरताना खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईच्या काळातली प्रुफं (छपाईआधी तपासायच्या प्रती) निघाली, समासात लाल खुणांसकट. म्हणून हा धागा. या कामात नव्याने येणाऱ्यांना उपयोग होईल असं लिहा.
माझ्याकडून : एका वाचनात एकच गोष्ट बघायची. पहिल्यात मूळ प्रतीशी ताळा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफ बघायचं. गळलेली ओळ अशीच सापडते. मागचं-पुढचं वाक्य जुळलं की एकट्याच्या डोळ्याला गळती दिसत नाही. दुसऱ्यात शुद्धलेखन. तिसऱ्यात फक्त शीर्षकं, पृष्ठांक, चित्रांखालच्या ओळी. अनुक्रमणिकेचे आकडे पानं हलायची थांबल्यावरच.

सावली :
मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम (१९६२चे १४, १९७२चे ४) टेबलासमोर चिकटवा. जास्त घोळ उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातल्या) इ-उचा. गरीब पण गरिबाला, फूल पण फुलाला. तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) मात्र हलत नाहीत : शरीर, शरीराला. कवी दीर्घ, कविमन ऱ्हस्व. कुकर झाला, येते.

गंधार :
युनिकोडचं (संगणकावरच्या आजच्या टायपिंगचं) राहिलंच की! 'दुसऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच. शोधताना एक सापडतो, दुसरा सुटतो. दोन्ही शोधून एकच करून घ्या. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम (कोलन) हेही तसंच. 'दु:ख' असं टाइप केलं असेल तर 'दुःख' शोधून मिळणार नाही.
युनिकोडआधीच्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलात तर रफार आणि पहिली वेलांटी जोडाक्षरांपाशी तपासा. मधले इंग्रजी शब्दही मराठी समजून बदलले जातात, त्यांचा कचरा होतो. आधी ते वेगळ्या रंगात करून ठेवा.

निशिगंध :
सावलीताई, डोळ्यांचं काय करता? दिवाळी अंकांची प्रुफं सुरू झाली की माझे चुरचुरतात.

सावली :
अगं, शेवटचं वाचन कागदावरच, टंक मोठा करून. स्क्रीनवर विरामचिन्हं निसटतात. आणि रात्री अकरानंतर प्रूफ हातात घेऊ नकोस गं.

कोपरा :
छपाईचं लिहितो. फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं) १६ पानांचा. मजकूर १९४ पानांवर गेला तर १२ फर्मे (१९२) होऊन २ पानं उरतात. त्यांच्यासाठी जादा फर्मा घेण्याआधी शेवटच्या ओळीत एकच शब्द उरलेले परिच्छेद आखडून बघा, दोन पानं सहज निघतात.
कणा (पुस्तकाच्या पाठीची जाडी) = पानं भागिले २, गुणिले कागदाची जाडी. २०० पानं आणि ०.१ मिमी कागद म्हणजे १० मिमी. जाडी जीएसएमवरून (कागदाच्या दर चौरस मीटरच्या ग्रॅममधल्या वजनावरून) धरू नका. ७० जीएसएमचाच मॅपलिथो (पुस्तकांचा नेहमीचा कागद) एका गिरणीचा फुगीर, दुसरीचा चपटा. छापखान्याकडून कोरी डमी (त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची न छापलेली नमुना प्रत) मागा, नाहीतर कण्यावरचं नाव मुखपृष्ठावर सरकतं.
मुखपृष्ठाला ३ मिमी ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र). बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंग मिसळून केलेला काळा असेल आणि रंग जरा सरकले की अक्षरांना रंगीत कडा दिसतात.

निशिगंध :
डमी हा फारच कामाचा सल्ला 🙏 आयएसबीएनला (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाला) पैसे पडतात का?

शाईडाग :
नाही. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी मोफत देते. १३ अंकी, आपल्याकडचे ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू. पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी, ई-बुक, प्रत्येकाला वेगळा. नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच चालतो.

गंधार :
कुणाच्या कवितेच्या ओळी घेत असाल तर परवानगी आधी. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून.

निशिगंध :
कोपरा, बांधणीचंही लिहा ना. शिवण की नुसता गोंद?

कोपरा :
जाड पुस्तक असेल तर शिवणच. बाकी जेवून लिहितो.