ज्युडी डेंच तुम्हाला कुठे भेटली?

मंडळी, परवा चिरंजीवांबरोबर जेम्स बाँडचा 'स्कायफॉल' बघत होतो. 'एम', म्हणजे बाँडची बॉस झालेली ब्रिटिश अभिनेत्री ज्युडी डेंच, गेली आणि पोरगं म्हणालं, "बाबा, ही आजी आधी काय करायची?" आता काय सांगणार! १९५७ साली लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात 'हॅम्लेट'मधली ऑफेलिया केली, आणि १९९५ च्या 'गोल्डनआय' या बाँडपटामध्ये आपल्याला दिसली तेव्हा साठीला टेकलेली. मधली अडतीस वर्षं मुख्यतः नाटकाची, ती आपल्या वाट्याला आलीच नाहीत. तुम्हाला ती कुठे भेटली ते लिहा. विकिपीडिया नको, स्वतःचं सांगा.

रातकिडा :
२०१२. मी तेव्हा हिंजवडीत रात्रपाळीला, ब्रिटिश ग्राहकांचे फोन घ्यायचो. 'मॅरीगोल्ड हॉटेल'ला टीममधले सहा जण गेलो, राजस्थान बघायला मिळेल म्हणून. सुरुवातीलाच ती फोनवर, आणि पलीकडून कॉल सेंटरवाल्याचा हट्ट की खातेदाराशीच बोलायचंय. खातेदार म्हणजे हिचा नुकताच वारलेला नवरा. आमच्या रांगेत पॉपकॉर्नचा आवाज थांबला. आमच्याही स्क्रिप्टमध्ये तसंच वाक्य होतं. पुढच्या आठवड्यात एका विधवा बाईंशी मी स्क्रिप्ट सोडून दोन मिनिटं बोललो, तर क्वालिटीवाल्यांनी मार्क कापले.

तिसरी_घंटा :
'मॅकबेथ', १९७६. स्ट्रॅटफर्डमधलं 'द अदर प्लेस' नाट्यगृह म्हणजे पत्र्याची शेड. दिग्दर्शक ट्रेव्हर नन, ती लेडी मॅकबेथ, समोर मॅकबेथ म्हणून इयन मॅकेलन. पुढे ते टीव्हीसाठी चित्रित झालं, म्हणून आमच्या एकांकिकेच्या ग्रुपला लॅपटॉपवर बघता आलं. झोपेत चालण्याच्या प्रवेशात ती श्वास सोडते, त्याचीच किंकाळी होते आणि ती संपतच नाही. आमची नायिका तालमीत तसं करायला गेली. दुसऱ्या दिवशी घसा बसला, प्रयोगाला बदली मुलगी!

शेवटची_रांग :
माझं मत वेगळं. 'शेक्सपिअर इन लव्ह'मध्ये जेमतेम आठ मिनिटं दिसते आणि ऑस्कर? द्यायचंच होतं तर आदल्या वर्षी 'मिसेस ब्राऊन'ला द्यायचं. तिथे तिची व्हिक्टोरिया राणी खरंच एकटी पडलेली बाई वाटते. वीस वर्षांनी 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल'मध्ये पुन्हा तीच राणी, पण तो सिनेमा आपल्याला गोडगोड करून पाजलेला इतिहास आहे. ती चांगलीच, सिनेमा नाही.

सातारची_लेक :
माझ्या आईला मॅक्युलर डिजनरेशन आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणून मान वाकडी करून बघते. भजनाची वही वाचता येईना, तर मंडळात जायचंच सोडलं. डेंचबाईंनाही हाच आजार. संवाद कुणीतरी वाचून दाखवायचं, त्या ऐकून पाठ करायच्या. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "त्यांच्याकडे वाचायला माणसं असतील." गप्पच बसले. आता दर रविवारी अभंग रेकॉर्ड करून पाठवते. परवा फोन आला, "किती घाईत वाचतेस गं, गाडी सुटतेय का तुझी?"