मदत हवी आहे : जुन्या जी. आय. जो सैनिक-खेळण्यांच्या भारतीय वेष्टनांच्या पुठ्ठ्यांवरची नावं

नमस्कार मंडळी. एकाच खेळण्यातल्या पात्राची देशोदेशीची नावं एका तक्त्यात मांडतोय. ट्रान्सफॉर्मर्सचं (रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या खेळण्यांचं) बरंचसं झालंय. ऑप्टिमस प्राइम जपानमध्ये कॉन्व्हॉय, इटलीत कमांडर. जॅझचा जपानमध्ये मायस्टर होतो, आणि मेगाट्रॉन मात्र जपानमध्येही मेगाट्रॉनच. (ऑटोबॉट्सना, म्हणजे त्यातल्या चांगल्या बाजूच्या यंत्रमानवांना, जपानी लोक सायबरट्रॉन म्हणतात, तिथे डोकं गरगरतं, कारण आपल्याकडे ते ग्रहाचं नाव!)

अडलंय ते जी. आय. जो पाशी. इंग्लंडात हीच मंडळी ‘ॲक्शन फोर्स’ नावाने विकली गेली, तिथली कॉमिक्सही त्याच नावाने निघाली. आपल्याकडे ही खेळणी फनस्कूल कंपनीने काढली. त्यांचे रंग अमेरिकन खेळण्यांपेक्षा बरेचदा वेगळे, त्यामुळे नुसत्या बाहुल्यावरून ओळख पटवणं धोक्याचं. मला छापील पुरावाच हवा.

सांगलीत गणपती पेठेतली जुनी दुकानं, मिरजेतले रद्दीवाले पालथे घातले. बाहुले मिळतात, पण पुठ्ठा आईने कधीच बंबात घातलेला असतो. नेटवरच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या, म्हणून त्या नकोत. विकतही काही घ्यायचं नाही. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंचे वाचता येतील असे फोटो पुरेत. साताऱ्यात कुणाकडे असतील तर मी स्वतः येऊन काढेन.

तर, 2000 च्या आधीचा फनस्कूलचा पुठ्ठा कुणाकडे आहे का? आणि त्यावर पुढे छापलेलं नाव आणि मागच्या माहितीतलं नाव एकच आहे की वेगवेगळं?